गुलाबी येईना

ब्युरेटमधून थेंबामागून थेंब पडत होते, पण फ्लास्कमधलं पाणी पिवळं ते पिवळंच. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली काचेची नळी. पाणी शिरूर कासारकडच्या एका वस्तीचं, तिथल्या एकुलत्या एक हातपंपाचं.

आमच्या लॅबचा फ्लोराइड मीटर बिघडला होता. कंपनीचा इंजिनियर 'उद्या येतो' म्हणायचा, आणि त्याचा उद्या काही उजाडेना. म्हणून मी कपाटातून थोरियम नायट्रेट काढलं. थोरियम हा युरेनियमच्या भावकीतला जड धातू. पाण्यात फ्लोराइड असेल तर तो आधी त्यालाच धरतो, थोरियम फ्लोराइड बनतं. फ्लोराइड संपलं की मग आपण टाकलेल्या रंगाकडं वळतो आणि पिवळं पाणी गुलाबी होतं. जितका उशीर, तितकं फ्लोराइड जास्त.

ही पद्धत मला मोमीन सरांनी शिकवली. आता ते नाहीत. मागं उभे राहून ओरडायचे, "अबे, थेंब सोड, धार नको! सबर कर जरा!" मीटरचं बटण दाबताना कुणी ओरडत नाही. ते ओरडणं मला लई आठवतं.

"काय निघालं?" लॅबच्या साहेबांनी दारातून विचारलं.

"फारच जास्त आहे, साहेब."

"मग पंपाला लाल रंग मारायला सांगतो, कुणी पिऊ नये म्हणून. आजच."

पाणी घेऊन आलेल्या सरपंच सुमनबाई बाकावरून ताडकन उठल्या. "आन पानी कुटून आनायचं? धडधाकट मानसं ऊसतोडीला गेलती, अजून आली न्हाईत. मागं म्हातारी आन लेकरंच हायेत."

"बाई, या पाण्यानं लेकरांची हाडं वाकतील."

"मंग तहानेनं मारायचं का हाडं वाकवायची, तेवडं तुमीच ठरवा!"

चिडून मी उरलेल्या पाण्याची बाटली उचलली. ती हलली आणि वर फेस आला. नाकाशी धरली, तर पुदिन्याचा वास!

"बाई, बाटली कशानं धुतली?"

"टूथपेस्टनं. सायबाच्या हापिसात न्यायची, घान कशी आनावी? आत पेस्ट घालून लई हालवली."

मी कपाळावर हात मारला. "अहो, त्या पेस्टमध्येच फ्लोराइड असतं!"

साहेब म्हणाले, "आता पुन्हा कशाला? रिपोर्ट देऊन टाका."

"हा रिपोर्ट पंपाचा नाही, पेस्टचा आहे. आजचा दिवस थांबा."

जीप काढली. सुमनबाईंसोबत वस्तीवर गेलो, पंप बराच वेळ हापसला, त्याच पाण्यानं नवी बाटली विसळली आणि भरली. बाई परत माझ्याबरोबर लॅबमध्ये आल्या. निकाल ऐकल्याशिवाय घरी जायला तयारच नव्हत्या.

तोटी अगदी हळू सोडली. थोडेच थेंब पडले आणि फ्लास्क गुलाबी झाला.

"आला!" मी ओरडलोच.

"काय आलं?"

"गुलाबी! पाणी चांगलं आहे, बाई. खुशाल प्या."

त्या हसल्या नाहीत. मटकन बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. तेव्हा मोमीन सर मागं हवे होते, असं फार वाटलं.

मीटर पुढं दुरुस्त झाला. पाणी आणायला सांगताना आता मी प्रत्येकाला बजावतो, बाटली साबण-पेस्टनं घासू नका, त्याच पाण्यानं विसळा. निम्मे लोक तरी चकाचक घासूनच आणतात. परक्याच्या दारात घाण भांडं न्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत कुठल्याही लॅबच्या नियमाला दाद देत नाही.