सर्दीची बाटली

नाशिकची थंडी बाहेरच्यांना कळत नाही. जानेवारीत सकाळी नळाखाली हात धरला की बोटं बधिर होतात. त्यामुळे आमच्या फडताळात औषधांच्या डब्याशेजारी ब्रँडीची छोटी बाटली कायम असायची. घरात पिणारं कुणी नाही. ब्रँडी म्हणजे औषध, अशी आमची सरळ समजूत. सर्दी झाली की कोमट पाण्यात चमचाभर. माझ्या आईने मला दिली, मी लेकीला दिली, ती पाच वर्षांची असल्यापासून.

आणि मी कोण? तर शाळेत मुलांकडून व्यसनमुक्तीची शपथ म्हणवून घेणारी बाई! दरवर्षी तोच तक्ता, तेच वाईट संगतीचं पुराण.

गेल्या जानेवारीत माझीच छाती भरली. चमचाभर तोंडात घेतली आणि थांबले. कोरा चहा! रंग मात्र बेमालूम. नवरा या भानगडीतला नाही, तो खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेतो. राहिली एकच, नववीतली.

ती शाळेतून आली तेव्हा बाटली टेबलावर होती आणि माझा पारा चढलेला. कुठल्या मैत्रिणीने शिकवलं, हे मी पहिल्यांदा विचारलं. तक्त्यावर तसंच लिहिलंय ना!

"कुणी नाही," ती म्हणाली. "गणिताच्या चाचणीला माझे हात कापतात. मग घेते. तूच म्हणायचीस, चमचाभर घे, आत ऊब येते."

"चमचाभरच?"

"आधी एक पुरायचा. आता चार लागतात."

काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हा असा. मला भयंकर राग आला, आणि खरं सांगते, तो तिच्यावर नव्हता. उरलेला चहा मी मोरीत ओतला. तिला एवढंच म्हटलं, की गणित गेलं खड्ड्यात, हात कापले की आधी मला सांगायचं. ती "हो" म्हणाली. माझा विश्वास बसला नाही.

आता शनिवारी आम्ही दोघी एका समुपदेशक बाईंकडे जातो. शपथ मी अजूनही देते. फक्त तक्त्यावर वाईट संगतीच्या वर हाताने एक ओळ घातली आहे: घरचं फडताळ. मुख्याध्यापकांनी विचारलं, हे काय? म्हटलं, राहू द्या.

पुढच्या चाचणीच्या सकाळी मी पोळ्या लाटत होते. ती दारात येऊन उभी राहिली. "आई, कापतायत गं." मी पिठाच्याच हातांनी तिचे हात धरले. गारठलेले होते. तिची नजर फडताळाकडे गेली, मी पाहिली, आणि मी पाहिली हे तिलाही कळलं.

"आज पाच लागले असते," ती हळूच म्हणाली.

"सांगितलंस ना, बास," मी म्हटलं. तव्यावरची पोळी करपली. खाली व्हॅनवाला हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला. जाऊ दे.