पसै अक्काचा शनिवार

मी एकदा मराठी पुस्तकांचा अख्खा गठ्ठा उलटा बांधला. पुठ्ठ्यावरची तमिळ चिठ्ठी सुलटी, आतली पानं डोक्यावर उभी. घरी मराठी बोलणारी, तंजावुरात जन्मलेली, वर बी.एस्सी. झालेली मी, देवनागरी मात्र कधी शिकले नव्हते. अक्षरं रेघेवर बसतात, एवढं शाळेतल्या वहीनं शिकवलं होतं. म्हणून रेघ खाली येईल अशी पानं लावली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी गेले. तो गठ्ठा मी हट्टानं मागून घेतला होता. म्हटलं, "मराठीचं मी बघते, ती तर आमच्या घरची भाषा."

गठ्ठा दिला होता पसै अक्कानं. पसै म्हणजे तमिळात खळ. अक्काच्या बोटांवर ती सदा वाळलेली असायची. बोलता बोलता ती पापुद्रे सोलत बसे. ती ड्रॉइंगची निवृत्त शिक्षिका, आमच्यातलीच, तंजावुरी मराठी. पेठेतल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी आम्हा बायकांना जमवायची. फी नाही. येताना मूठभर मैदा आणि घरातली रद्दी आणायची, एवढाच नियम. रद्दीच्या लगद्यातून आम्ही मान डोलावणाऱ्या बाहुल्या करायचो, जुन्या कॅलेंडरच्या पिशव्या करायचो. खोलीच्या बदल्यात वाचनालयाची फाटकी पुस्तकं सांधून द्यायची, असं अक्कानं लायब्रेरियनशी ठरवलं होतं.

खळ शिजवताना ती कोणाला मध्ये बोलू देत नसे. चिमूटभर मोरचूद घालायची आणि म्हणायची, "हे घातलं नाही तर झुरळांना जेवण वाढल्यासारखं होईल." मी एकदा बाजारातला पांढरा डिंक घेऊन गेले, नव्या जमान्याची म्हणून. तिनं बाटली लांब धरून पाहिली. "हा एकदा धरला की सोडत नाही गे. तू काय, कधी चुकत नाहीस?" मी म्हटलं, फारशी नाही. बाटली तिनं मला परत दिली.

माझा तो उलटा गठ्ठा कपाटात गेला आणि पुढच्याच आठवड्यात एक म्हातारे पोस्टमास्तर मराठी पुस्तक घेऊन लायब्रेरियनसमोर उभे राहिले. पुस्तक उघडून त्यांनी स्वतःची मान वाकडी केली आणि विचारलं, "असं वाचायचं का, सार?" लायब्रेरियन मुळात त्या खोलीत जादा टेबलं टाकायच्या विचारात होता. त्याला कारण मिळालं. "पुढच्या शनिवारपासून खोली बंद," त्यानं सांगून टाकलं.

आमच्यातल्या बऱ्याच जणींना आठवड्यात घराबाहेर बसायची तेवढीच एक जागा होती. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी जमिनीकडे. अक्का म्हणाली, "सार, शनिवारपर्यंत पुस्तकं सरळ झाली नाहीत तर किल्ली मीच आणून देते." मग माझ्याकडे वळून, "काय गे बी.एस्सी., पाणी तापव."

कोमट पाण्याच्या फडक्यानं पुस्तकांच्या पाठी ओल्या केल्या आणि मैद्याची खळ निमूटपणे सुटली. तो आठवडाभर मी रोज जात होते. अक्का पान हातात द्यायची आणि पहिलं अक्षर वाचायला लावायची. वाचल्याशिवाय पुढचं पान नाही. "क. हा बघ, पोट पुढे, शेपूट मागे, तुझ्या सासऱ्यासारखा." मी हसून हसून पानं चुरगाळत होते आणि ती मला रागवत होती. खोली राहिली. लायब्रेरियनची टेबलं व्हरांड्यात गेली. आज मी हे मराठीत लिहिते आहे, त्याची मुळाक्षरं त्या ओल्या पानांवरची आहेत.

मग घरोघरी केबल आली. शनिवारी दुपारी सिनेमे लागू लागले. मुलं कॉम्प्युटर शिकून बंगळुराला, त्याहून लांब जाऊ लागली. अक्काचा मुलगाही चेन्नैला फ्लॅट घेऊन तिला न्यायला आला. खोलीची किल्ली तिनं माझ्याकडे दिली. बसस्टँडवर मी तिला म्हटलं, "जाऊ नको, अक्का. मला हे जमायचं नाही." ती खिडकीत बसून नखातली खळ काढत राहिली. बस हलली तेव्हा, "मोरचूद विसरू नको," एवढंच बोलली.

बायका गळत गेल्या. एका शनिवारी खोलीत मी आणि पापनाशमहून येणारी एक नर्स, दोघीच होतो. नर्सनंही घड्याळ पाहिलं. संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून चेन्नैला फोन लावला. अक्का आधी स्वयंपाकघराबद्दल बोलली. सुनेला ओट्यावर खळ शिजवलेली चालत नाही, फरशी नवी आहे. मी ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आज दोघीच होतो, अक्का. किल्ली देऊन टाकू का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग सुनेला ऐकू जाऊ नये अशा हळू आवाजात अक्का म्हणाली,

"देऊ नको गे. शनिवारी दुपारी तुम्ही तिथं बसला असाल असं धरते, तेव्हा कुठे इथं माझा डोळा लागतो."