खारा बांगडा आणि माझी डिग्री

मंडळी, दुपारपासून मी पनवेलात असून नसल्यासारखी आहे. डोळ्यांसमोर सारखं करंजा बंदर तरंगतंय.

मी नर्स. डिप्लोमावर बारा वर्षं नोकरी केली, आता बीएस्सी नर्सिंग करतेय. "एवढा अनुभव आहे, मग डिग्री कशाला?" हे सगळ्यांकडून ऐकते.

आज कॉलेजच्या अभ्यासासाठी एका पेशंटशी तासभर नुसतं बोलायचं होतं. करंज्याच्या एक कोळीण मावशी निवडल्या. त्यांचं बीपी उतरतच नाही. दर वेळी मीच सांगायचे, मीठ सोडा.

"सोडलाय बाय. कालवनात चिमूटभर पण नाय."

"मग जेवता काय?" हे मी पहिल्यांदाच विचारलं.

"भाकर नि खारा बांगडा. रोज."

त्यांच्या लेखी ती मासळी, तिच्यात कसलं आलंय मीठ! मग बांगडा कसा खारवतात, उन्हात कसा वाळवतात, ते सांगत राहिल्या. वॉर्डात जणू खाडीचा वारा शिरला.

डिग्रीने मला एक प्रश्न विचारायला लावला, इतकंच. पण तेव्हापासून मनात एकच येतंय. माझं ऐकून, मीठ सोडून, अशा किती जणी रोज खारा बांगडा खात असतील?