डेल्फिनाची साक्ष

कायांबेच्या बर्फाळ डोंगराखाली गुलाबांचे मळे आहेत. त्यातल्या एका मळ्यात डेल्फिना इम्बाकिंगो अठराव्या वर्षी कामाला लागली. हाताला वेग असा, की शेजारच्या ओळीतल्या बाया चिडून म्हणायच्या, "तुला काय देवानं चार हात दिलेत का गं?"

सगळ्यात जास्त चिडवायची ती ट्रान्सितो फारिनांगो. तिनंच डेल्फिनाच्या थोरल्या लेकीला, नेलीला, बाप्तिस्म्याच्या वेळी मांडीवर घेतलं होतं.

फेब्रुवारीत गुलाब परदेशी धाडायची घाई. किडीचं औषध मारून पानं ओली असतानाच बायांना पॉलीहाउसात पाठवायचे. एका सकाळी एल्विया नावाची पोटुशी बाई कापणी करताना भोवळ येऊन डेल्फिनाच्या अंगावर कोसळली. तिचं मूल गेलं. मळा चालवणाऱ्या इंजिनियरसाहेबांनी सांगून टाकलं, "घरूनच आजारी आली होती."

ट्रान्सितो पेटली. घरोघर हिंडून तिनं चाळीस बायांच्या सह्या, अंगठे घेतले. औषध मारल्यावर पानं वाळेपर्यंत कुणाला आत धाडायचं नाही, एवढंच मागणं. कामगार खात्याचा निरीक्षक चौकशीला येणार ठरलं. सगळी भिस्त डेल्फिनाच्या साक्षीवर.

"बोलशील ना?" ट्रान्सितोनं विचारलं.

"न बोलायला काय झालं? माझ्याच अंगावर पडली ती."

चौकशीच्या आदल्या दिवशी इंजिनियरसाहेबांनी डेल्फिनाला बोलावून घेतलं. बसायला खुर्ची दिली, जी आजवर कुणी दिली नव्हती. "देखरेखीला एक बाई हवीय मला. औषधात हात घालायला नको, काही नको. पोरी शिकताहेत ना तुझ्या? उद्या जरा विचार करून बोल."

दुसऱ्या दिवशी निरीक्षकानं विचारलं. ट्रान्सितो दारातच उभी होती. डेल्फिना टेबलाकडे बघत म्हणाली, "मी पाठमोरी होते, साहेब. मला काही दिसलं नाही."

निरीक्षक गेल्यावर ट्रान्सितो एवढंच म्हणाली, "पाठमोरी होतीस?"

आठवड्यात ट्रान्सितोला कामावरून काढलं. तिचं नाव मळ्यामळ्यांतून आधीच पोचलं होतं. कुणी उभं केलं नाही. ती बसथांब्यावर बिस्कोचो, म्हणजे लोण्याची खुसखुशीत बिस्किटं, विकायला बसली. डेल्फिनाला देखरेखीची टोपी मिळाली. ती लांबून वळसा घालून बस पकडायला लागली. नऊ वर्षं असं चाललं.

पोरींची शिक्षणं काही पुरी झाली नाहीत. नेली त्याच मळ्यात लागली. एका सकाळी पॉलीहाउसच्या दारात थबकून म्हणाली, "आई, पानं ओली आहेत अजून."

मागे साहेब उभे होते. डेल्फिनाच्या तोंडून सवयीनं निघालं, "जा आत."

दुपारी नेली ओकत बाहेर आली. डेल्फिनानं तिचं तोंड धुतलं. मग देखरेखीची टोपी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि तडक कामगार बायांच्या संघटनेत गेली. पुढची चार वर्षं मोर्चे, धरणं, सुनावण्या. एल्वियाचं काय झालं, आपण काय खोटं बोललो, ते तिनं भर सुनावणीत सांगितलं. शेवटी मळेवाल्यांनी नियम लेखी दिला: औषध मारल्यावर चोवीस तास पॉलीहाउस बंद.

मे महिन्याच्या एक तारखेला, कामगार दिनी, संघटनेनं व्यासपीठावर डेल्फिनाच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या ऐकवेनात. खाली उतरून ती थेट बसथांब्यावर गेली नि शाल ट्रान्सितोपुढे धरली. "ही तुझी."

ट्रान्सितोनं गिऱ्हाइकाला बिस्कोचो बांधून दिले, मग वर पाहिलं. "नियम झाला ते बरं झालं. पोरी जगतील. शाल राहू दे तुझ्याकडं."

"माझं चुकलं गं."

"माझं काय, मी पोट भरलं कसंबसं. एल्वियाचं काय? तू पाठमोरी झालीस, आणि गाव तिला खोटारडी म्हणायला लागलं. नवरा म्हणाला, तूच काहीतरी खाऊन पाडलंस. टाकलं तिला."

हे डेल्फिनाला ठाऊकच नव्हतं. "कुठं असते ती?"

"किनाऱ्याकडं गेली म्हणतात. केळीच्या मळ्यात. मला पत्ता नाही."

डेल्फिना दोनदा किनाऱ्यावर जाऊन आली. केळी भरायच्या शेडा पालथ्या घातल्या, दिसेल त्या बाईला विचारलं. एल्विया नावाच्या तिघी भेटल्या. त्यातली एकही ती नव्हती. तिसऱ्यांदा निघाली, तेव्हा गुडघ्यांनी दगा दिला. नेली म्हणाली, "आई, आता पुरे." डेल्फिनानं पिशवी खाली ठेवली, पण त्यातले कपडे कितीतरी दिवस बाहेर काढले नाहीत.