पिवळी पाटी

मावशींची एकोणीस वर्षं त्या हॉटेलच्या फरशीवर गेली. कोणत्या वळणावर पाय सटकतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पुसायच्या आधी 'सावधान, ओली फरशी' ही पिवळी पाटी ठेवायची, फरशी वाळली की उचलायची. शिस्त एवढीच. पण साहेबांच्या डोळ्यांत तीही खुपते.

एका समारंभात मॅनेजरांच्या डोळ्यांत खुपली. "मावशी, फोटोत हे पिवळं काय मध्येच?" म्हणत त्यांनी स्वतःच्या हातांनी पाटी खांबामागे सरकवली. पाच मिनिटांत एक पाहुणी घसरली, पाय मोडला. हॉटेलवर दावा लागला. खापर फोडायला डोकं शोधत लांब जावं लागलं नाही. 'पाटी ठेवायला विसरले,' असं मावशींकडून लिहून घेतलं. घरात कमावत्या त्या एकट्याच. त्यांनी सही केली.

"पुन्हा असं झालं तर घरी बसायचं," मॅनेजर वर तोंड करून म्हणाले.

मग हॉटेलच्या वकिलांनी अक्कल पाजळली. पाट्या कायमच्या ठेवा. कोरड्या जिन्यात, कोरड्या व्हरांड्यात, अगदी गालिच्यावरसुद्धा. "आता कुणीही पडो, आपले हात वर!" आठवड्याभरात पाट्यांकडे कुणी बघेना. पाहुणे त्यांच्यावर कोट टांगू लागले.

महिन्याभराने मावशी दारापाशी पुसत असताना मॅनेजर फोनवर कुणाला तरी झापत आले, पाटीला वळसा घातला आणि सपशेल आपटले. खुब्याचं हाड गेलं.

मावशी दवाखान्यात भेटायला गेल्या.

"तुम्ही मला आईसारख्या," मॅनेजर कण्हत म्हणाले. एकोणीस वर्षांनी नातं जडलं! "पाटी नव्हती म्हणा. भरपाईचा प्रश्न आहे."

"आणि माझी नोकरी?"

"ते नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी वकील कागद घेऊन हजर.

"पाटी होती ना, मावशी?"

"होती."

"शाब्बास. इथे सही."

"पुढचंही लिहा. या वेळी ती कुणी सरकवली नव्हती."

पेन थांबलं. "या वेळी म्हणजे?"

मावशींनी सांगितलं. समारंभ, फोटो, खांब. वकिलांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. "हे लिहिलं तर जुना दावा आपल्या गळ्यात येईल हो!"

"माझ्या गळ्यात आहेच की तो. तेव्हा नाही दुखला तुम्हाला."

वकिलांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. पाटी पाहिलेलं माणूस ही एकटीच. हिला काढायची सोय नाही. आणि खापरासाठी डोकंच हवं, तर दवाखान्यात एक आयतं पडलेलं होतं. त्यांनी निमूट दोन्ही गोष्टी लिहिल्या.

मावशींनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. सही केली. जाता जाता गालिच्यावरची पाटी उचलून काखेत मारली.