देवापुढे चकचकीत केलेली डाय

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये लेझरचं मशिन आलं तेव्हा मी येणाऱ्या-जाणाऱ्याला भाषण द्यायचो. "भट्टी नाही, तेल नाही, पाणी नाही! किरण फिरतो, पोलादाची वरची कातडी तापते, आतल्या थंड लोखंडानंच ती झटकन निवते आणि कडक होते." इतक्या श्रोत्यांतून खरं गिऱ्हाईक निघालं एकच, सिन्नरकडचे एक कारखानदार. त्यांनी एक डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा, दिली. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. कानस मारून बघणार. घसरली तर बाकीच्या डायांचं काम तुमचं. लागली, म्हणजे पोलाद मऊच राहिलं, तर रामराम."

म्हणजे मशिनचं आणि माझ्या भाषणांचं भवितव्य त्या कानशीवर.

आमचा ऑपरेटर डायवर काळा थर फवारून, सेटिंग लावून सणाला गावी गेला. दसऱ्याला मशिनला झेंडूचा हार घातला आणि पाटावर ती काळीकुट्ट डाय ठेवली. मला बघवेना. देवापुढे असलं तोंड? थिनरनं पुसली, बफच्या कापडी चाकावर घासून आरशासारखी केली, तिच्यात बघून मिशाही सारख्या केल्या. बायकोनं वर ओल्या कुंकवाची बोटं ओढली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर मशिन मीच चालवलं. देवाचं कुंकू कसं पुसायचं, म्हणून ते तसंच ठेवलं. किरण फिरला. पाहुण्यांनी कानस मारली. करकर लागली. पलीकडे मारली, तिथंही लागली.

"शेठ, हे तर लोणी हाय."

मग कानस कुंकवाच्या बोटांवर गेली आणि सुळकन घसरली!

"तो काळा रंग कुठाय?" चहा घेऊन आलेल्या बायकोनं विचारलं.

"पुसला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो काळा थर किरण पिऊन घेण्यासाठीच होता. मी आरसा केला, किरण आल्या वाटेनं परत गेला. कुंकवानं बिचाऱ्यानं जमेल तेवढा प्यायला.

हे ऐकून पाहुणे इतके हसले की बशीतला चहा शर्टावर. "मग आख्खी डाय कुंकवानं माखा की!"

"कुंकू संपलंय," बायको म्हणाली. "आणि यांच्या हातात आता काही देऊ नका."

पुन्हा काळा थर फवारला, किरण फिरवला. या वेळी कानस जाईल तिथं घसरली. पाहुण्यांनी डाय काखोटीला मारली.

"बाकीच्या धाडतो. एकच अट हाय. साफसफाई तुम्ही नाय करायची."

डाया आल्या. आता दसऱ्याला पाटावर काळीच डाय असते, आणि थिनरचा डबा बायकोच्या कपाटात, कुलपात.