आऊट काढावा लागंल

“आऊट आलाय. काढावा लागंल.”

हे सायकलवाले अण्णा मला सांगत नव्हते. माझ्या सायकलविषयी ते पंपावर वाकलेल्या गिऱ्हाइकाला सांगत होते. सायकल सेलमधली, स्वस्तातली. मागचं चाक दर फेरीला ब्रेकला ‘खस्स’ करून घासायचं आणि अख्खं संत तुकाराम नगर वळून बघायचं. (माझ्याकडे कुणी वळून बघणं ही माझी जगातली सर्वांत नावडती गोष्ट!)

‘काढावा’? मी इंग्लिश मीडियमची असले, तरी चाक ‘ते’ असतं एवढं मला कळत होतं. ‘काढावं’ हवं! मी मोठ्या मनाने अण्णांचं व्याकरण माफ केलं. चाक बाहेर काढायचं, एवढंच ना?

“थांबा जरा, चार गाड्या हायेत पुढं,” अण्णा म्हणाले.

चार गाड्यांचे चार मालक माझ्याकडे बघू लागले.

“नको. घरी काढतो आम्ही.”

“घरी? येतं काढाया?”

“पप्पांना येतं.”

अण्णांनी आदराने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी चाकणच्या कंपनीत माझा पहिला दिवस होता. कंपनीची बस पहाटे हायवेवर यायची, आणि तिथवर जायला सायकलच होती. पप्पांनी लगेच पाने काढले. लातूरहून आल्यापासून ते असेंब्ली लाइनवर आहेत. नट दिसला की हात शिवशिवतात. चाक निघालं.

“आता काय करायचं?”

“माहीत नाही. बाहेर काढायला सांगितलंय.”

“पुढचं विचारलं नाहीस?”

विचारायचं! शाळेत ‘एनी डाउट्स?’ ऐकू आलं, की मी बुटाची लेस बांधायला वाकायचे.

तेवढ्यात शेजारचे जाधवकाका आले. ते पप्पांच्याच कंपनीत, पण क्वालिटीला.

“राव, नुसतं चाक काढून काय होतंय? पूर्ण खोलल्याशिवाय फॉल्ट सापडत नसतो.”

मग टायर निघाला, ट्यूब निघाली, एकेक स्पोक निघाला. सगळं पेपरवर ओळीत, चिठ्ठ्या लावून! शेवटचा स्पोक सुटला आणि मधला हब टणकन फरशीवर पडला. आमच्या घरात आता चाक नावाची वस्तूच उरली नाही.

“सापडला का फॉल्ट?” आईने विचारलं.

“वहिनी, सगळीकडेच आहे!”

जोडताना चाकाचं आधी शंकरपाळं झालं, मग तळलेला पापड. वर मूठभर स्पोक उरले.

“कंपनीतपण असेच उरतात का हो?” आई म्हणाली.

“ही ह्यांची असेंब्ली!” काका.

“ही ह्यांची क्वालिटी!” पप्पा.

संध्याकाळी एका चाकाची सायकल आणि बाकीचं सगळं पोत्यात भरून आम्ही तिघं अण्णांकडे गेलो. अण्णांनी पोत्यात डोकावून पाहिलं.

“ह्यो घात कुणी केला?”

“तुम्हीच सांगितलंत ना, चाक बाहेर काढा म्हणून?” पप्पा उसळले.

“म्या? म्या म्हणलो, आऊट काढा! चाक फिरताना डुलतंय न्हवं, त्यो आऊट. दोन-चार स्पोक पिळलं की निघतोय!”

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. काकांनी पाहिलं. मी पंक्चरच्या टबातलं काळं पाणी अतिशय अभ्यासपूर्वक न्याहाळलं.

दिवे लागले तरी अण्णा चाक विणत होते. अखेर त्यांनी ते सायकलला बसवून फिरवलं. खस्स नाही! मग दोन्ही हातांनी धरून त्यांनी चाक हलवून पाहिलं. ते जागच्या जागी किंचित खुळखुळलं, तशा त्यांनी भुवया चढवल्या.

“आऊट गेला. पण प्ले हाय.”

पप्पांनी गंभीरपणे मान डोलावली. काकांनी त्याहून गंभीरपणे. विचारलं मात्र कुणीच नाही. माझ्या डोळ्यांसमोरून पहाटेची बस निघून गेली. मी घसा खाकरला. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळली.

“अण्णा,” मी मोठ्याने विचारलं, “प्ले म्हणजे... खेळायचं नाही ना?”